जागलीची पळी

तुळसे, तुझी पेटी मी जाळली. दुसऱ्या कोणी तुझे कान भरायच्या आधी मीच सांगते. तुळशीमागची, निळ्या रंगाची, जिच्या झाकणावर तू फुटका पाटा ठेवायचीस, तीच. तुझ्या तेरवीच्या पंगती उठल्या आणि त्याच दिवशी दिवेलागणीला, सगळ्या मधमाश्या घरी परतल्यावर, मी तिचं दार मातीनं बुजवलं, तिला खड्ड्यात उतरवलं आणि काडी लावली. तेव्हापासून तुझा लेक दिगांबर माझ्याशी बोलत नाही. गावातल्या निम्म्या बायका मला पाहून पदर सावरतात. तू बोलली असतीस की नाही ते मला माहीत नाही, म्हणून हा कागद घेऊन बसले आहे.

रडायचं ते रडून झालं आहे. आणखीही रडेन, ते माझं मी बघेन. पण आधी भांडण. आपल्या दोघींचा तोच क्रम होता.

तेरवीला लोक तुझ्याबद्दल काय काय बोलले ते ऐकलं असतंस तर पंगतीतून उठून गेली असतीस. "गरीब गाय होती बिचारी," असं एकीनं म्हटलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी वाढता वाढता थांबले. गाय असलीस तर मारकी गाय होतीस तू. "कोणाले शब्दानं दुखावलं नाही," असं दुसरीनं म्हटलं. मला तर तू रोज दुखावलंस. लोक सकाळी उठून चहा घेतात तशी तू सकाळी उठून भिंतीवरून मला काहीतरी लागट बोलायचीस. त्याशिवाय तुझा दिवस सुरू होत नव्हता, आणि आता माझा होत नाही. माणूस मेलं की लोक त्याचे दात काढून ठेवतात. मी काढू देणार नाही. तुझे सगळे दात मला जसेच्या तसे हवे आहेत.

आपल्या दोन अंगणांमध्ये ती एक भिंत. नवं राज्य झालं त्या सुमाराला चिखलीहून मधपेट्या वाटायला माणसं आली, तेव्हा गावातल्या पुरुषांनी हसण्यावारी नेलं. बैल नाही, म्हैस नाही, माशी कोण पाळते? तू पहिली पेटी घेतलीस. तुझी सासू म्हणाली, आता ढेकूणही पाळ. भिंतीपलीकडे तू घेतलीस म्हणून मी घेतली, हे मी तेव्हाही कबूल केलं नव्हतं आणि आजही करत नाही. मला मध आवडतो म्हणून घेतली.

चार-पाच वर्षं बरी गेली. डोंगराच्या कडेला बोर फुलायची, वावरात करडई नि धने फुलायचे, आणि आपल्या सातेरी माश्या दोन्हीकडे हिंडायच्या. मग ते आंबूस वर्ष आलं.

आठवतं? पेटी उघडली की विसरलेल्या आंबिलीसारखा वास. पोळ्याच्या घरांतल्या अळ्या पांढऱ्याच्या पिवळ्या व्हायच्या, अंग टाकून पडायच्या, काडीनं टोचलं की पातळ होऊन यायच्या. चिखलीहून साहेब आला, त्यानं रोगाचं मोठं नाव सांगितलं, ते कोणाच्या तोंडात बसलं नाही. आपण त्याला आंबूसच म्हणत राहिलो. साहेब म्हणाला, जाळा. कोणीतरी विचारलं, जाळल्यावर? साहेब म्हणाला, मग हात स्वच्छ धुवा. तू तोंडावर हसलीस त्याच्या.

जाळायचं कोण? जो जाळील त्याचं एकट्याचं जाणार. शिवाय भरलेलं मोहोळ जाळणं म्हणजे पाप, हे तर आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून लोक लपवू लागले. कोणी गोठ्यात कडब्याआड पेटी ठेवली, कोणी नदीच्या काठी नेली. श्रीपतआबानं मात्र जे केलं ते आपल्याच माणसाला सुचावं. माणसाचा ताप उतरत नसला की आपण त्याला हवापालटाला दुसऱ्या गावी धाडतो. आबानं पेटीला हवापालट दिला. आणि लेकीकडे रिकाम्या हातानं काय पाठवायचं म्हणून तिला हळदकुंकू लावलं, वर खण बांधला आणि आंदण म्हणून एस.टी.च्या टपावर चढवून देऊळगाव राजाला वेणूच्या घरी पाठवली. लेकीच्या घरी माशी सुधारेल, माशीच्या मधानं लेक सुधारेल. त्याच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. वेणूची पेटी गेली, मग तिच्या शेजारच्यांच्या गेल्या, आणि वेणूला सासरी तोंड वर करून बोलता येईना.

तू मला म्हणालीस, चल. मी विचारलं, कुठं? म्हणालीस, पाप कराले.

वेणूच्या सासूला मी जन्मात विसरणार नाही. दारातच आडवी झाली. "बालाजीच्या गावात, भरल्या घरात, आंदण जाळता? माहेरचं आंदण परत करणं कुठं ऐकलंय का?" आपण दोघी उन्हात उभ्या, वेणू दाराआड रडते आहे, आणि मला वाटलं आता तू त्या बाईच्या झिंज्या धरतेस. तू डोक्यावरचा पदर नीट केलास आणि इतक्या मऊ आवाजात बोललीस की मी दचकले.

"आंदण परत नाही करून राह्यलो, विहीणबाई. बदलून देऊन राह्यलो. नवं लुगडं फाटकं निघालं तं बदलून देतोच नं आपण?"

"आणि दुसरं कवा येणार?"

"येत्या बाजाराच्या दिवशी. याच गाडीनं."

बाई बाजूला झाली. पेटी जळाली. आबाला तू एका शब्दानंही दोष दिला नाहीस, तिथंही नाही आणि गावात येऊनही नाही. परतीच्या गाडीत मी मात्र तुला धारेवर धरलं. बदलून द्यायला पेटी आहे कुठं? तुझ्याकडे दोन होत्या, त्यातली चांगली तू देणार हे मला दिसत होतं.

"मंग देतोच आहे," तू म्हणालीस.

"आणि पुढच्या वक्ताले? तवा कोणाची देशीन? तुही दुसरी? मंग माही?"

तू खिडकीबाहेर पाहत होतीस. ज्वारी निसवली होती, वावरावावरात माळे उभे होते आणि माणसं गोफणी घेऊन त्यावर बसली होती. मग एकदम माझ्या मांडीवर चापट मारलीस.

"गोदे, ज्वारीच्या जागलीले काऊन जाते वं माणूस?"

"दिवसा पाखरं, राती डुकरं खातेत म्हणून. हे काय इचारनं झालं?"

"मंग पाखरू धुरा-बांध पाहून उतरते का? हे वावर शिरप्याचं, हे गण्याचं, असं पाह्यते का? एकट्यानं आपल्या वावरातून हाकललं तं दुसऱ्याच्या वावरात बसते. आंबूसबी तसाच. माणसाले धुरा समजते, रोगाले नाही समजत. जागल सगळ्याईची पाह्यजे."

मी म्हटलं, "जागल्याले दाणे द्या लागते."

"हाव. मंग देऊ नं. दाणे नाही, मध देऊ."

अशी आपली जागल निघाली, एस.टी.त, जालन्याकडून येणाऱ्या धुळीत, तुझ्या एका चापटीतून. नंतर साहेब लोकांनी येऊन तिची तारीफ केली आणि असं काही त्यांच्या कार्यालयातूनच सुचलं होतं असं भाषणात सांगितलं. तू टाळ्या वाजवल्यास आणि घरी येऊन त्यांना अशा शिव्या दिल्यास की तुझी सासू कानावर हात ठेवून देवघरात गेली.

नियम तूच केलेस आणि मला तोंडपाठ आहेत. ज्यानं मध काढला त्यानं घरात नेण्याआधी एक पळी जागलीच्या डब्यात टाकायची. पळी पितळेची, तुझ्या स्वयंपाकघरातली. तुझी सासू मरेपर्यंत ती पळी शोधत होती. डब्यातल्या मधातून सुताराकडून नव्या पेट्या करून घ्यायच्या, निरोगी माश्या वाढवायच्या, आणि त्या जागलीच्या पेट्या म्हणून वेगळ्या ठेवायच्या. कपाशीवर पावडर मारायची असेल त्यानं आदल्या दिवशी घरोघर सांगायचं, म्हणजे पेट्यांची दारं बंद ठेवता येतील. दर पंधरवड्याला दोघी जणींनी गावातली एकूणएक पेटी उघडून नाकानं पाहायची. मेणकिडा दिसला तर साफ करायचा. आंबूस आला तर त्याच संध्याकाळी पेटी जाळायची, आणि दुसऱ्या सकाळी त्या घराला जागलीची पेटी मिळायची. कोणाची पेटी, कोणाचं घर, हे विचारायचं नाही. "नाकाले नातं नसते," असं तू म्हणायचीस.

लपवणं थांबलं, तुळसे. लोकांना वाटतं तू दरारा बसवलास म्हणून थांबलं. तसं नव्हतं. लपवायचं कारणच उरलं नाही. ज्याचं जातं त्याचं एकट्याचं जात नाही हे कळलं की माणूस आपणहून येऊन सांगतो, बाई, माझ्या पेटीचा वास बघ बरं. श्रीपतआबाच सगळ्यात आधी आला होता. तेव्हा तू आत जाऊन डोळे पुसलेस. मी भिंतीवरून पाहिलं होतं. मी पाहिलं हे तुला कळलं असतं तर तू महिनाभर मला पाण्यात पाहिलं असतंस, म्हणून गप्प राहिले. आता सांगायला हरकत नाही.

तुझं माझं जमलं नाही ते एकाच गोष्टीवर. खामगावचा शेठ.

घाटाखालून त्याचा मुनीम यायचा, गावातला सगळा मध डब्यांत भरून न्यायचा. मी म्हटलं, जो मध नेऊन विकतो त्यानंही पळी टाकावी. आपण पेट्या राखतो म्हणून त्याचं दुकान चालतं. तू पेटलीस.

"ज्याची पळी त्याची पेटी. आज शेठ पळी टाकीन, उद्या म्हणीन आधी माह्या माणसाच्या पेट्या पाहा. परवा म्हणीन जागल माही."

"आणि आता काय करून राह्यला तो? फुकटात राखण करून घेऊन राह्यला आपल्याकून."

"फुकटात हाये म्हणून आपली हाये."

तू म्हणालीस मला व्यवहार कळत नाही. मी म्हणाले तुला माणसं कळत नाहीत. त्यावर पोळ्यापासून दिवाळीपर्यंत आपण बोललो नाही. बोललो नाही म्हणजे तुझ्या सुनेच्या तोंडून बोललो. बिचारी कुसुम भिंतीशी उभी राहायची. तू अंगणातून म्हणायचीस, "सांग त्या गोदीले, तिच्या पेटीच्या पायाखालचं पाणी वाळलं, मुंग्या चढतीन." मी इकडून म्हणायची, "सांग तुह्या आत्याबाईले, मले डोळे आहेत." दोघींना सगळं ऐकू येत असे. तरी कुसुम दोन्ही वाक्यं जशीच्या तशी पोचवायची, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता. मला तेव्हा वाटायचं, या पोरीला स्वतःचं काही मत नाही.

दिवाळीला तू भिंतीवरून अनारसे दिलेस आणि वाद तिथंच पडून राहिला. मिटला नाही. मिटवायला आपल्याकडे खूप वर्षं आहेत असं मला वाटत होतं.

शेवटच्या आजारात तुझं नाक गेलं. तापाचं तुला काही वाटलं नाही, खोकल्याचं नाही, पण नाकाचं लागलं. "चाह्याचा बी वास नाही येऊन राह्यला गोदे," तू म्हणालीस. "पेट्या पाहत जाजो." मी म्हटलं पाहते आहे, आणि पाहतच होते. त्या फेरीत गावभर कुठं काही नव्हतं. मग तू गोधडीतून हात बाहेर काढलास आणि म्हणालीस, "अन् त्या मुनिमाचं..." तेवढ्यात खोकला आला, दिगांबर औषध घेऊन आला, तुला उठवून बसवलं, आणि ते वाक्य राहिलं ते राहिलं. त्या मुनिमाचं काय, तुळसे? त्याचं ऐकू नको, की त्याच्याकडून पळी घे? मी त्याचा सोयीचा अर्थ लावणार नाही. तुझ्या बाबतीत सोयीचं कधी काही नव्हतंच.

आता तेरवीचं ऐक.

पुरुषांच्या पंगती उठल्या, सुपारी फिरली, आणि लिंबाखाली बोलणं निघालं. तुझा तो मुनीमही आला होता, दुखवट्याला म्हणून. एक जण म्हणाला, "तुळसाबाईसंगं जागल बी गेली समजा." दुसरा म्हणाला, "इतक्या वर्षात आंबूस आला कुठी? उगाच पळी पळी करून राह्यलो आपण. डब्यातला मध तिच्या नावानं परसाद म्हणून वाटून टाकू." सगळ्यांना ते फार आवडलं. तुझ्या नावानं तुझंच मोडायचं आणि वर गोड खायचं. मग मुनीम खाकरला. "देखो भाऊ, हमारे शेठ का कहना है, दवाई की पुडी हम देंगे, फुकट. पेटी जलाने की जरूरतच नाही. फक्त मध आमच्याशिवाय कोणाला द्यायचा नाही, आणि ते पळीबिळी बंद करा."

मी ताकाचं भांडं घेऊन उभी होते. बोलले असते, पण तेरवीच्या दिवशी तुझ्या दारात भांडण नको म्हणून हात धुवायला तुळशीमागं गेले. आणि तिथं मला तो वास आला.

आधी वाटलं पंगतीतली कढी असेल. मग मी पाटा उतरवला, झाकण काढलं, मधली चौकट उचलली. तुळसे, निम्मी घरं पिवळी होती. मी काडी टोचली. तुला सांगायला नको काय आलं ते. आजारपणात तू तुझी पेटी पाहू शकत नव्हतीस, सुतकाच्या दिवसांत तुझ्या अंगणातली फेरी राहिली होती, आणि तेवढ्यात रोगानं तुझंच घर गाठलं.

मी चौकट तशीच हातात धरून लिंबाखाली आले आणि म्हणाले, "आंबूस हाये. तुळसेच्या पेटीत."

मग दिगांबर उठला. त्याचं डोकं नुकतंच तासलेलं, डोळे सुजलेले. "मावशी," तो म्हणाला, "मायची एवढीच निशाणी राह्यली. तेवढी राहू द्या. पुडी देऊन राह्यले नं मुनीमजी." आणि लगेच चारी बाजूंनी, हो हो, एक ठेवली तं काय होते, तुळसाबाईची हाये, दुसऱ्या कोणाची असती तं गोष्ट अलग.

खोटं कशाला बोलू, मलाही ती राहू द्यावीशी वाटली. पोराचा चेहरा तुझ्यासारखा आहे, रडताना तर फारच. पण मला एक गोष्ट लख्ख दिसत होती. तुझी पेटी राहिली तर उद्या गावात एकही पेटी जळणार नाही. प्रत्येकाकडे कोणाची तरी निशाणी असतेच. जागल मोडायला डबा फोडायची गरज नव्हती, तुझी एक पेटी सोडली की झालं होतं.

श्रीपतआबा काठी टेकत उभा राहिला. त्याला आता नीट ऐकू येत नाही, पण वास येतो. "माही जाळली व्हती तिनं," तो म्हणाला. "वेणूची बी जाळली." आणि बसला. एवढंच. तरी दिगांबर जागचा हलेना. पेटीसमोर जाऊन उभा राहिला, हात पसरून.

मग घरातून तुझी सून आली. कुसुम. एका हातात घासलेटची बाटली, दुसऱ्या हातात काड्यापेटी. नवऱ्यासमोर उभी राहिली आणि सगळ्या पुरुषांच्या देखत बोलली.

"माह्या माहेरून आलेली पेटी आत्याबाईनं जाळली व्हती. मी पायाशी पडली व्हती त्यायच्या. तवा कोणीच नाही म्हनलं का निशाणी हाये म्हनून."

मी ते विसरले होते, तुळसे. तू विसरली होतीस का? लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी, तिच्या बापानं दिलेली पेटी. तू तिला म्हणाली होतीस, नाकाले नातं नसते, आणि दुसऱ्या दिवशी जागलीची पेटी तिच्या पुढ्यात ठेवली होतीस. तिनं घेतली, सांभाळली, आणि तो दिवस मनात ठेवला. ती सूड घेत होती का? थोडा घेत असेलही. तिचा हक्क होता. पण बाटली नि काड्यापेटी तिनं माझ्यापुढं ठेवली, आणि सूड घेणारं माणूस काडी दुसऱ्यापुढं ठेवत नाही. दिगांबर बाजूला झाला. तो कोणासमोर बाजूला झाला असेल तर तिच्यासमोर. मला तिथं उगाच श्रेय नको.

जाळण्याआधी मी एक केलं. ती चौकट घेऊन मी एकेकाच्या नाकाशी धरली. कारण मला कळलं होतं की यातल्या निम्म्यांनी तो वास कधी घेतलाच नाही. लिंबाखाली जो म्हणाला, आंबूस आला कुठी, तो आंबूस वर्षात पाळण्यात होता. जागल इतकी वर्षं नीट चालली की लोकांना वाटलं पाखरं नसतातच, म्हातारी उगाच गोफण फिरवते. म्हणून मी सगळ्यांना हुंगायला लावलं. सुना, लेकी, म्हातारे. मुनिमानं नाकाला रुमाल लावला, मी म्हटलं, काढा तो. कुसुमनं सगळ्यात जास्त वेळ हुंगलं, डोळे मिटून. मग म्हणाली, "आता नाही विसरत."

मग जाळली. आतला आवाज थोडा वेळ आला आणि थांबला. त्या वेळी मी रडले, आणि ते पेटीसाठी नव्हतं. तू गेलीस त्या दिवशी माणसांची गर्दी होती, पाणी तापवायचं होतं, कोणाला कळवायचं होतं, मला सवड मिळाली नव्हती. तुझ्या खड्ड्याशी मिळाली.

दुसऱ्या सकाळी नियमाप्रमाणे जागलीची पेटी तुझ्या दारी आली. कुसुमनं ती त्याच लाकडी घोडीवर ठेवली, चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या मांडल्या. दिगांबर वावरात निघून गेला. डबा फुटला नाही. परसाद वाटला गेला नाही.

मुनीम परवा पुन्हा आला, रिकामे डबे घेऊन. करडईचा मध निघाला आहे ना. वजन करायला बसला तेव्हा मी ती पितळेची पळी आणली आणि त्याच्या पुढ्यात धरली. म्हटलं, प्रत्येक डब्यामागं एक पळी, शेठच्या वाट्याची, आणि पळी टाकली म्हणून जागलीत शेठचा शब्द चालणार नाही. आधी तो हसला. मग पुडीचं काढलं. मी म्हटलं पुडी तुमच्याकडेच ठेवा, खोकला झाला की उपयोगी पडेल. तो म्हणाला, ऐसा तो कहीं नहीं होता. मी म्हटलं, आमच्या इथं होते. तो दुपारच्या गाडीनं रिकामे डबे खडखडवत घाट उतरून गेला. गावात कुरकुर आहे. मध घरात पडून आहे आणि काही जण म्हणतात गोदीचं डोकं फिरलं. फिरू दे. तो येईल, नाहीतर चिखलीच्या बाजारात आपण स्वतः नेऊ. तू हरलीस असं मी म्हणत नाही. मी जिंकले असंही नाही. वाद चालू आहे, आणि तू नाहीस म्हणून मी तो सोडणार नाही. तुझी बाजूही मलाच मांडावी लागते, हे मात्र फार जड जातं. तुझ्यासारखं लागट मला बोलता येत नाही.

रोज सकाळी मी अजून भिंतीकडे पाहते. पहिले काही दिवस तिकडून आवाज नव्हता. आता कुसुम दिसते. डोक्यावर पदर घट्ट बांधून पेटीपाशी वाकते, दाराशी नाक नेते, आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटते, अगदी तुझ्यासारखं. काल तिनं मान वर केली आणि म्हणाली, "मावशी, तुमच्या पेटीखालचं पाणी वाळलं. मुंग्या चढतीन." मी म्हणाले, मला डोळे आहेत. आणि मग पाणी घालून आले.

तेव्हाच पाहिलं. नव्या पेटीच्या झाकणावर तुझा फुटका पाटा होता. मी कुसुमला म्हटलं, बरं केलंस. ती म्हणाली, "मी नाही ठेवला. सकाळी उठली तं व्हता."

दिगांबर ओट्यावर बसून बैलाचं दावं वळत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. तुझाच मुलगा आहे, दिवाळीपर्यंत बोलेल.

पुढच्या पंधरवड्याची फेरी कुसुम आणि मी करणार आहोत. तू पुष्कळ जागलीस, तुळसे. नीज आता. जागल चालू हाये.